साठ तासांत ‘परिचारिकांसाठी जर्मन’: सांगलीतील एका प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचे परीक्षण

सांगलीतील एका शिक्षणसंस्थेच्या विदेशी भाषा विभागाने ‘परिचारिकांसाठी जर्मन’ या नावाचा चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला असून त्याची एक तुकडी नुकतीच परीक्षा देऊन बाहेर पडली आहे. मी मिरजेतील एका रुग्णालयात परिचारिकांच्या प्रशिक्षणाचे काम पाहते. आमच्याकडील काही सिस्टर या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणार असे कळल्यावर मीही अर्ज भरला, कारण पुढच्या वर्षी इतरांना तो घ्यावा की घेऊ नये हे सांगण्याची वेळ माझ्यावरच येणार होती. संस्थेचे नाव येथे देत नाही. जे दोष मला दिसले, त्यांतील बहुतेक विद्यापीठीय चौकटीत राहून एखाद्या व्यवसायापुरती परकीय भाषा शिकवू पाहणाऱ्या कोणत्याही विभागाच्या वाट्याला आले असते, आणि एकाच विभागाला त्यासाठी धारेवर धरणे न्यायाचे होणार नाही. माझे मत आधीच सांगते. वर्गातील शिकवणे चांगले आहे, साडेसहा हजार रुपये शुल्क वाजवी आहे, परंतु अभ्यासक्रमाच्या नावात जे वचन आहे ते त्याच्या तासांत मावत नाही.

असा अभ्यासक्रम सांगलीत निघावा यात नवल काही नाही. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत मिशनचे रुग्णालय उभे केले तेव्हापासून या गावाची ओळख रुग्णसेवेशी जोडली गेली आहे. पुढे १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि आज सांगली-मिरज परिसरात जी.एन.एम. ही परिचर्येची पदविका आणि बी.एस्सी. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींची संख्या मोठी आहे. दुसरीकडे जर्मनीत वृद्धांचे प्रमाण वाढते आहे आणि परिचारिका मिळत नाहीत. तेथील कुशल कामगारांच्या स्थलांतराचा कायदा मार्च २०२० मध्ये लागू झाला, २०२३ मध्ये तो आणखी सैल झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यानंतर जिल्ह्यात जर्मनच्या शिकवण्यांच्या पाट्या भराभर लागल्या. विद्यापीठीय प्रमाणपत्राला त्या पाट्यांपेक्षा अधिक वजन असते असे पालक मानतात, आणि म्हणूनच त्यावर काय छापले जाते याकडे अधिक काटेकोरपणे पाहायला हवे.

माहितीपत्रकात तीन वाक्ये ठळक अक्षरांत आहेत. पहिल्यात जर्मन भाषेची पूर्वओळख आवश्यक नाही असे म्हटले आहे, दुसऱ्यात रुग्णालयीन जर्मन शिकवली जाईल असे, आणि तिसऱ्यात जर्मनीतील नोकरीसाठी तयारी करून घेतली जाईल असे. यांपैकी कोणतीही दोन वाक्ये एकत्र खरी करून दाखवणे कदाचित शक्य असेल, तिन्ही एकत्र खरी करणे चार श्रेयांकांत शक्य नाही, आणि हे समजायला साधा हिशेब पुरतो. एका श्रेयांकाला पंधरा तास धरले तर चार श्रेयांकांचे साठ तास होतात. जर्मन शिकवणारी गोएथे संस्था, जिला आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन म्हणतात, आपल्या पातळ्यांसाठी लागणारा वेळ ४५ मिनिटांच्या तासिकांत मोजते. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सर्वांत खालच्या ए-वन पातळीला ८० ते २०० तासिका लागतात, बी-वनपर्यंत पोहोचायला एकूण ३५० ते ६५०, आणि बी-टूपर्यंत ६०० ते ८००. साठ मिनिटांचे साठ तास म्हणजे ४५ मिनिटांच्या बरोबर ऐंशी तासिका. आपल्या महाविद्यालयांत तासिका अनेकदा ४८ मिनिटांचीच असते. तशा साठ तासिकांचा हिशेब चौसष्टवर येतो. म्हणजे ए-वनचा किमान आकडासुद्धा गाठला जाईलच असे नाही. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायची तर सर्वसाधारणपणे बी-टू पातळी मागितली जाते. पहिली पायरी आणि हा उंबरठा यांच्यामधले अंतर माहितीपत्रकात कोठेही लिहिलेले नाही.

या पातळ्या ‘कौन्सिल ऑफ युरोप’ने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्यांच्या चौकटीतल्या आहेत, आणि तीत प्रत्येक पातळीला काय करता आले पाहिजे याची वर्णने आहेत. ए-वनच्या माणसाला स्वतःची ओळख करून देता यावी, समोरचा सावकाश आणि स्पष्ट बोलला तर साधा संवाद करता यावा, इतकीच अपेक्षा असते. रुग्णालयात सावकाश आणि स्पष्ट बोलायला कोणाला सवड असते, हे आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही.

येथे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे, कारण विशिष्ट उद्देशासाठी परकीय भाषा शिकवणे ही विद्यापीठांना नवी गोष्ट नाही आणि एके काळी ते थोड्या तासांत चांगले जमतही होते. रसायनशास्त्राच्या संशोधकांना जर्मन वाचता येणे पूर्वी जवळजवळ अनिवार्य होते. सेंद्रिय संयुगांची माहिती देणारा बाइलश्टाइनचा प्रचंड संदर्भकोश १९८० च्या दशकापर्यंत जर्मनमध्येच निघत असे, १९८४ पासून त्याची पाचवी पुरवणी इंग्रजीत येऊ लागली. त्या संशोधकांना बोलायचे नव्हते, ऐकायचे नव्हते, पत्रही लिहायचे नव्हते. क्रियापदाची रूपे ओळखणे, लांब वाक्याचा कर्ता शोधणे आणि शब्दकोश हाताशी ठेवून परिच्छेदाचा अर्थ लावणे एवढेच त्यांना हवे होते, आणि तेवढे थोड्या महिन्यांत साधत असे. तेथे उद्देश विशिष्ट होता म्हणून शिकायची भाषा कमी झाली होती. परिचारिकेच्या बाबतीत हे गणित उलटे होते. तिला रुग्णाचे ऐकायचे आहे, त्याच्याशी बोलायचे आहे, डॉक्टरांच्या सूचना वाचायच्या आहेत आणि पाळीच्या शेवटी नोंदी लिहायच्या आहेत. सर्वसाधारण भाषा पूर्ण हवी आणि तिच्यावर व्यवसायाची भाषा वेगळी हवी. आपल्या विद्यापीठीय विचारात मात्र ‘विशिष्ट उद्देशाची भाषा’ म्हटले की अजूनही लहान अभ्यासक्रम डोळ्यांसमोर येतो, आणि या अभ्यासक्रमाचा आराखडा त्याच समजुतीतून निघाला आहे असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष वर्गाविषयी. पहिले अर्धे सत्र सर्वसाधारण जर्मनचे होते आणि ते ज्यांनी शिकवले त्या मॅडमचे कौतुक करावे तितके थोडे आहे. पाठ्यपुस्तक जर्मनीत छापलेले होते, त्यातील शब्दार्थ आणि व्याकरणाच्या सूचना इंग्रजीत होत्या, आणि त्यामुळे पहिल्या आठवड्यांत मराठी माध्यमातून आलेल्या मुली पार गोंधळून गेल्या. इंग्रजी जाणणाऱ्याला नामाचे लिंग पाठ करणे ही मोठी आपत्ती वाटते, म्हणून पुस्तक त्यावर पाने खर्च करते. मराठीत तीन लिंगे आहेतच. प्रत्येक निर्जीव वस्तूला लिंग असते ही गोष्ट आमच्या मुलींना समजावून सांगावीच लागत नाही, फक्त जर्मनमध्ये कोणत्या नामाला कोणते ते लक्षात ठेवावे लागते. विभक्ती शाळेत शिकलेल्या असतात. आदरार्थी ‘तुम्ही’ आणि सलगीचा ‘तू’ यांतील भेद तर रक्तातच असतो. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते हा जर्मनचा नियम इंग्रजीवाल्यांना छळतो, आम्हाला तो घरचा वाटतो. मॅडमनी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर पुस्तकातील इंग्रजी स्पष्टीकरणे बाजूला ठेवून मराठीच्या आधाराने व्याकरण सांगायला सुरुवात केली आणि वर्गाचा वेग लगेच वाढला. त्यांनी स्वतः तयार केलेल्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती आजही माझ्याकडे आहेत. ही टिपणे संस्थेने नीट संपादित करून छापली, तर इंग्रजीच्या वळणाने लिहिलेल्या महागड्या पुस्तकापेक्षा सांगली-साताऱ्याच्या विद्यार्थिनींना त्यांचा अधिक उपयोग होईल. दुर्दैवाने विभागाच्या मंजूर पुस्तकयादीत टिपणांना जागा नसते, आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षिकेला साहित्य तयार करण्याच्या वेळेचे मानधन मिळत नाही.

दुसरे अर्धे सत्र ‘रुग्णालयीन जर्मन’चे होते आणि अभ्यासक्रमाची खरी परीक्षा तेथे झाली. शरीराच्या अवयवांची नावे, आजारांची नावे, उपकरणांची नावे, औषध देण्याच्या वेळा आणि ‘कोठे दुखते’ यासारखे थोडे प्रश्न अशी घटकांची मांडणी होती. वरवर पाहता यात गैर काही नाही. तथापि ही यादी कशी तयार झाली असे विचारले असता, अभ्यासमंडळातील सदस्यांनी स्थानिक डॉक्टरांशी चर्चा करून ती केली असे सांगण्यात आले. मूळ अडचण येथे आहे. भाषाशिक्षणात ज्याला गरजांचे विश्लेषण म्हणतात, त्यात शिकणाऱ्याला ज्या ठिकाणी भाषा वापरायची आहे तेथील दिवस पाहायचा असतो. आमच्या डॉक्टरांनी सांगितला तो मिरजेतील वॉर्डातला दिवस होता. जर्मनीतील परिचारिकेचा दिवस त्याहून बराच निराळा असतो. आपल्याकडे सलाईन लावणे, इंजेक्शने, कॅथेटर, डॉक्टरांच्या राउंडची तयारी यांत सिस्टरचा वेळ जातो, आणि रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे ही कामे नातेवाईक किंवा आया-मावशी करतात. जर्मनीत यातील शिरेत सुई घालण्यासारखी कामे अनेक ठिकाणी डॉक्टर करतात आणि अंघोळीपासून भरवण्यापर्यंतची मूलभूत शुश्रूषा हा परिचारिकेच्या कामाचा मोठा भाग असतो. तेथून नाराज होऊन परतलेल्या किंवा फोनवर तक्रार करणाऱ्या मुलींची कुरकूर अनेकदा याच गोष्टीबद्दल असते.

याचा भाषेवर थेट परिणाम होतो. सुई टोचताना दोन वाक्ये पुरतात. ऐंशी वर्षांच्या आजीबाईंना अंघोळ घालताना अर्धा तास बोलावे लागते, आणि त्या बोलण्यात हवामान, नातवंडे, मेलेला नवरा आणि कालच्या सूपची चव सगळे येते. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते तेव्हा तिला शांत करणारी भाषा लागते. अवयवांच्या नावांची यादी तेथे उपयोगाची नाही. ज्याला अभ्यासक्रमात सर्वसाधारण भाषा म्हणून पहिल्या अर्ध्यात उरकले, तीच या व्यवसायाची विशिष्ट भाषा ठरते, हे आमच्या अभ्यासमंडळाच्या लक्षात आलेले नाही.

पाळी बदलतानाचा हँडओव्हर ही दुसरी अशीच गोष्ट. जर्मनमध्ये त्याला युबरगाबे म्हणतात आणि तेथे थोड्या वेळात सगळ्या रुग्णांची माहिती भरभर, अर्धवट वाक्यांत, संक्षेपांसह सांगितली जाते. ऐकणाऱ्याला चुकलेला शब्द पुन्हा विचारता येतो, पण दर रुग्णामागे विचारता येत नाही. ही कसोटी आमच्या अभ्यासक्रमात मुळात नव्हती. ती आली ती एका योगायोगाने. मॅडमची एक जुनी विद्यार्थिनी सध्या दक्षिण जर्मनीतील एका वृद्धाश्रमात काम करते. तिने एका शनिवारी व्हिडिओ कॉलवर येऊन आपल्या पाळीचा दिवस सांगितला, स्वतः लिहिलेल्या हँडओव्हरचा नावे वगळलेला नमुना वाचून दाखवला आणि आमच्याकडून तो मराठीत, मग मोडक्या जर्मनमध्ये परत सांगून घेतला. त्या दोन तासांत वर्गाने जे घेतले ते मंजूर घटकांच्या कित्येक तासिकांत घेतले नव्हते. परंतु ही तासिका अभ्यासक्रमात नव्हती म्हणून परीक्षेतही नव्हती, आणि परीक्षेत नाही म्हणताच मागच्या बाकावरच्या मंडळींनी वह्या मिटल्या.

व्हिडिओ कॉलवरच्या त्या सिस्टरने सांगितलेली आणखी एक गोष्ट येथे नोंदवते. रुग्ण बोलतो ती भाषा आणि कागदावर लिहिली जाते ती भाषा वेगळी असते. रुग्ण साखरेचा आजार म्हणतो आणि नोंदीत डायबेटिस मेलिटस लिहावे लागते. लॅटिन-ग्रीक वळणाच्या संज्ञा आमच्या मुलींना इंग्रजीतून आधीच ठाऊक असतात, त्यामुळे नोंदी वाचणे त्यांना तुलनेने सोपे जाते. कठीण जाते ते म्हाताऱ्या माणसाचे बोलणे. शिवाय महाराष्ट्राचा करार ज्या राज्याशी झाला त्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये श्वेबिश आणि आलेमानिश वळणाच्या बोली चालतात, आणि वृद्ध मंडळी त्या सोडून प्रमाण जर्मन बोलतीलच असे नाही. कोल्हापूरकर आजोबांची मराठी समजून घ्यायला एखाद्या परदेशी मुलीला केवळ पुण्याच्या बातम्या ऐकवल्या तर काय होईल, त्याची कल्पना करावी. आमच्या भाषाप्रयोगशाळेतल्या सर्व ध्वनिफिती मात्र स्वच्छ, सावकाश, निवेदकाच्या आवाजातल्या होत्या.

शिक्षकांचा प्रश्न याहून बिकट आहे. भाषा येणाऱ्याला शुश्रूषा येत नाही आणि शुश्रूषा येणाऱ्याला भाषा येत नाही, ही अशा प्रत्येक अभ्यासक्रमाची जन्मजात अडचण आहे. आमच्या वर्गात शय्याव्रणावरचा उतारा आला तेव्हा त्यातील व्याकरण मॅडमनी सोडवले आणि जखमेच्या चार श्रेणी कशा ओळखायच्या ते विद्यार्थिनींनी मॅडमना समजावून सांगितले. तो तास रंगला, कारण दोन्ही बाजूंना काहीतरी सांगण्यासारखे होते. हीच गोष्ट आराखड्यात धरून जर्मनच्या शिक्षिकेबरोबर नर्सिंगची ट्यूटर काही तासिकांना बसवली असती, तर उत्तरार्धाचे रूपच पालटले असते. विभागाला हे सुचलेही होते. एका तासिकेला दोन शिक्षकांचे मानधन देण्याची तरतूद नियमांत बसत नाही, एवढ्यावर तो विचार थांबला. जर्मनमध्ये वरच्या पातळीपर्यंत शिकलेली माणसे सांगलीत मुळात थोडी, आणि असतील त्यांना पुण्यातील कंपन्या आणि शिकवण्या यांच्याकडून मिळणारा मोबदला तासिका तत्त्वावरील मानधनापेक्षा कितीतरी अधिक असतो. आमच्या सत्राच्या मध्यावर दुसऱ्या एका शिक्षकांनी काम सोडले आणि काही आठवडे एकट्या मॅडमनी दोन्ही भाग ओढले. काम सोडणाऱ्या शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही.

वर्गाची रचना हा मला सर्वांत खटकलेला भाग. नाव ‘परिचारिकांसाठी’ असले तरी वर्गात परिचारिका निम्म्याही नव्हत्या. किमान विद्यार्थिसंख्या भरल्याशिवाय तुकडी सुरू करता येत नाही, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या विद्यार्थ्यांना मुख्य विषयाबाहेरचे श्रेयांक मिळवावे लागतात, त्यामुळे वाणिज्य आणि विज्ञान शाखेतील मुले खुला वैकल्पिक विषय म्हणून येऊन बसली होती. मुले गुणी होती, आमच्यापेक्षा पाठांतरात पुढे होती. पण त्यांना मूत्राच्या पिशवीवरचा संवाद कशाला हवा? त्यांच्या सोयीसाठी संवाद सौम्य झाले, उदाहरणे प्रवासाची आणि खरेदीची झाली, आणि उत्तरार्धालाही पूर्वार्धाचीच कळा आली. विशिष्ट अभ्यासक्रम म्हटला की विद्यार्थी थोडेच मिळणार हे उघड आहे. थोड्या विद्यार्थ्यांवर विभाग चालत नाही हेही उघड आहे. सांगली, मिरज, इस्लामपूर आणि साताऱ्याच्या नर्सिंग महाविद्यालयांनी मिळून एकच तुकडी केली आणि तिचा काही भाग ऑनलाइन ठेवला तर संख्या भरू शकेल. त्यासाठी संस्थांनी एकमेकींशी बोलले पाहिजे, आणि आपल्याकडे शेजारच्या संस्थेशी बोलण्यापेक्षा जर्मनीशी करार करणे सोपे जाते.

वेळापत्रक नोकरी करणाऱ्यांचा विचार करून केलेले नाही. आठवड्यात ठरावीक संध्याकाळी तासिका, पंचाहत्तर टक्के हजेरीची अट आणि इकडे रुग्णालयात सकाळ, दुपार, रात्र अशा फिरत्या पाळ्या. दुपारपाळी आली की सिस्टरचा आठवडा वाया जात असे. मॅडमनी तासिकांचे ध्वनिमुद्रण करून पाठवण्याची सोय स्वतःहून केली, हजेरीच्या नोंदवहीत मात्र ध्वनिमुद्रण ऐकल्याची नोंद करता येत नव्हती. भाषाप्रयोगशाळा, हेडफोन, प्रोजेक्टर सर्व ठीक होते, स्वच्छतागृहे चांगली होती, वाहनतळाची अडचण पावसाळ्यात जाणवली. याबाबत तक्रार करण्यासारखे काही नाही.

परीक्षा मात्र तक्रार करण्यासारखीच होती. लेखी प्रश्नपत्रिकेत रिकाम्या जागा, क्रियापदांची रूपे, उताऱ्यावरील प्रश्न, शब्दांचे अर्थ आणि जर्मन संस्कृतीवर एक टीप असे प्रश्न होते. तोंडी परीक्षेला प्रत्येकीला थोडी मिनिटे मिळाली आणि त्यात स्वतःची ओळख करून द्यायची होती, जी सर्वांनी घोकून आणली होती. ऐकण्याची परीक्षा झालीच नाही, कारण परीक्षा विभागाच्या वेळापत्रकात ध्वनियंत्रणा असलेली खोली मिळण्याची सोय नव्हती. गोएथे संस्थेच्या बी-वन परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात, प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण मिळवावे लागतात, आणि एका भागातील तूट दुसऱ्यातून भरून काढता येत नाही. भाषांच्या परीक्षा घेणाऱ्या टेल्क या संस्थेची तर शुश्रूषेच्या क्षेत्रासाठी बी-वन ते बी-टू अशी स्वतंत्र परीक्षाच आहे. आमच्या प्रश्नपत्रिकेत ऐंशीच्या वर गुण मिळवणारी मुलगी या परीक्षांच्या श्रवणाच्या भागात पहिल्याच ध्वनिफितीला गडबडून जाईल. ती हुशार नाही असे नव्हे, तिला कोणी तसे ऐकवलेलेच नाही. प्रश्नपत्रिका बदलायची म्हटली तर पुन्हा अभ्यासमंडळ, विद्यापरिषद, परिपत्रक असा प्रवास आहे. विद्यापीठाची ही संथ गती तत्त्वज्ञानाच्या किंवा गणिताच्या अभ्यासक्रमाला फारशी बाधत नाही. ज्या अभ्यासक्रमाचा उपयोग परदेशातील कायदे आणि परीक्षा यांवर अवलंबून आहे, त्याला ती फार महाग पडते. जर्मनीत शुश्रूषेच्या प्रशिक्षणाची रचनाच २०२० पासून बदलली. आमच्या टिपणांतील एका तक्त्यात मात्र जुनी विभागणी तशीच छापलेली होती.

तुलनेसाठी इतर मार्गही पाहावेत. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग आहे, आणि तेथे सर्वसाधारण जर्मन पायरीपायरीने शिकता येते. सांगलीच्या मुलीला त्यासाठी पुण्यात राहण्याचा खर्च येतो आणि नोकरी सोडावी लागते. केरळने वेगळी वाट धरली आहे. तेथे नोर्का रूट्स या शासकीय संस्थेमार्फत जर्मनीच्या ‘ट्रिपल विन’ योजनेत परिचारिका निवडल्या जातात, त्यांना भारतातच बी-वनपर्यंत जर्मन शिकवली जाते आणि पुढची पातळी जर्मनीत गेल्यावर गाठायची असते. म्हणजे आधी भक्कम सर्वसाधारण भाषा, मग कामाच्या जागी विशिष्ट भाषा. जपानने २०१९ मध्ये कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा आणला, त्यातही शुश्रूषेच्या क्षेत्रात जाणाऱ्याला सर्वसाधारण जपानीची परीक्षा वेगळी आणि शुश्रूषेतील जपानीची परीक्षा वेगळी द्यावी लागते. एकीने दुसरीचे काम भागत नाही. आमच्या अभ्यासक्रमाने या दोन्ही गोष्टी साठ तासांच्या एकाच पिशवीत कोंबल्या आहेत. खासगी शिकवण्यांविषयी बोलायचे तर काही चांगल्या आहेत, पण चार महिन्यांत बी-टू असे सांगणाऱ्यांपासून दूरच राहावे. त्यांच्या तुलनेत या अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक बरेच संयमी म्हणावे लागेल.

विभागप्रमुखांना मी हे सर्व लेखी कळवले आणि त्यांनी ते शांतपणे वाचून घेतले. त्यांचे म्हणणे असे की चार श्रेयांकांपेक्षा मोठा अभ्यासक्रम मंजूर करून घ्यायला अधिक वेळ लागला असता, तोवर विद्यार्थिनी एजंटांच्या हाती गेल्या असत्या, म्हणून हाती असलेल्या चौकटीत सुरुवात केली. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु चौकट लहान असेल तर नावही लहान ठेवता येते. ‘परिचारिकांसाठी जर्मनची ओळख’ असे नाव देऊन माहितीपत्रकात ए-वनच्या पूर्वार्धापर्यंत असे स्पष्ट लिहिले असते तर हाच अभ्यासक्रम मी बिनदिक्कत चांगला म्हटला असता. त्यापुढे चार-चार श्रेयांकांचे टप्पे एकावर एक रचून बी-वनपर्यंतची शिडी उभी करता येईल, आणि शुश्रूषेची भाषा त्या शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर ठेवता येईल. खालच्या पायऱ्यांवर उदाहरणे वॉर्डातली असली तरी पुरे.

सध्याच्या स्वरूपात हा अभ्यासक्रम कोणी घ्यावा? जिला जर्मनीला जायचे की नाही हे अजून ठरवायचे आहे, आणि ही भाषा आपल्याला झेपेल का हे घरापासून दूर न जाता, लाखभर रुपये न गुंतवता पाहायचे आहे, तिने जरूर घ्यावा. बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील मुलींना तो विशेष सोयीचा आहे, कारण पुढची पायरी चढायला त्यांच्या हातात वेळ असतो. जी पुढच्या वर्षभरात जाण्याच्या तयारीत आहे आणि एजंटाला अर्धे पैसे देऊन बसली आहे, तिने येथे सत्र घालवू नये. तिने नियमित, रोजच्या तासांची शिकवणी धरावी. प्रवेश घेण्यापूर्वी विभागाला चार गोष्टी विचाराव्यात: अभ्यासक्रमाच्या शेवटी कोणती पातळी अपेक्षित आहे, श्रवणाची परीक्षा होणार आहे का, वर्गात नर्सिंगबाहेरचे विद्यार्थी किती असतील, आणि रात्रपाळीच्या आठवड्यातील हजेरीचे काय. आमच्या तुकडीला मिळालेल्या प्रमाणपत्रावर अभ्यासक्रमाचे नाव आणि श्रेणी आहे, पातळीचा उल्लेख नाही. पुढील तुकडीपासून तो छापण्याचे विभागाने मान्य केले आहे. आमच्या रुग्णालयातील ज्या सिस्टरना या सत्रात चांगली श्रेणी मिळाली, त्यांना मी ते प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवून ए-वनच्या बाहेरील परीक्षेचा अर्ज भरायला सांगितले आहे, आणि मॅडमची टिपणे त्यासाठी पुन्हा झेरॉक्स करून घेतली आहेत.